खोडलेलं वाचू नका
ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या मराठी उद्योजकांना खुले पत्र



तुमच्यातल्या कित्येकांची दुकानं मी उभी करून दिली आहेत. येवल्याची पैठणी, सांगलीची हळद, कोल्हापुरी चपला, डोंबिवलीतला दिवाळीचा फराळ, कोकणातला हापूस. बारा वर्षांत या सगळ्यांसाठी मी साइट बांधल्या, पेमेंट जोडून दिलं, कुरिअरवाल्यांशी तुमच्या वतीनं भांडलो. साइट सुरू झाली की आठवड्याभरात एक मेसेज ठरलेला. रात्री साडेदहा-अकराला, जेवणं-भांडी आटोपल्यावर: "आत्ता साइटवर किती जण आहेत, ते कुठं दिसतं?"

मी ते दाखवून द्यायचो. मग तुम्ही त्या आकड्याच्या नादी लागायचात. फराळ करणाऱ्या एका ताईंनी मोबाइल मिक्सरला टेकवून ठेवलेला मी पाहिलाय. कढईत चकली, नजर आकड्यावर. तीनचे चार झाले की झारा हवेत थांबायचा. एकदा चारचे एकदम एकोणीस झाले तेव्हा एक घाणा करपला, आणि ते एकोणीस जण कोण होते हे शेवटपर्यंत कळलं नाही.

हे पत्र तो आकडा दाखवणाऱ्या खिडकीबद्दल आहे. ती बंद करा असं मी म्हणत नाही. असल्या खिडक्या लावून देण्यावरच माझं घर चालतं. पण तिच्यातून काय बघायचं आणि कुठं मान वळवायची, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. ते सांगायचं राहून गेलंय.

आधी त्या आकड्याबद्दल. दुकानात किती माणसं आहेत हे दारात उभं राहिलं की कळतं. येणारा दिसतो, जाणाराही दिसतो. साइटवर येणारा कळतो, जाणारा कळत नाही. ब्राउझरनं पान मागितलं, सर्व्हरनं दिलं, व्यवहार तिथंच संपला. समोरच्यानं ते पान वाचलं की फोन उशाखाली ठेवून तो झोपला, हे सर्व्हरला कळायला मार्ग नाही. म्हणून पानात एक छोटी स्क्रिप्ट ठेवतात. काही हालचाल झाली, काही वेळ गेला, की ती "मी अजून इथंच आहे" असा निरोप धाडते. निरोप यायचे थांबले की माणूस गेला असं धरायचं. गूगल ॲनालिटिक्स २००५ साली आलं, त्यात 'आत्ता'चा अहवाल २०११ मध्ये आला, आणि त्याच्या सध्याच्या आवृत्तीत हा 'आत्ता' चांगला तीस मिनिटांचा आहे. म्हणजे तुम्हाला समजा सदतीस जण दिसले, तर त्यांत कुकर उतरवायला उठलेली एक असते, लोकलमध्ये रेंज गेलेला एक असतो, आधी फोनवर आणि मग कॉम्प्युटरवर बघितल्यामुळे दोनदा मोजलेला एक असतो, माणसाचं सोंग घेतलेली काही यंत्रं असतात. शिवाय तुम्ही स्वतः, तुमचा भाऊ, आणि "साइट बघ रे" म्हणून लिंक पाठवलेला मावसभाऊ.

तरी आकडा निरुपयोगी नाही. दहावीच्या निकालाच्या दिवशी ठरल्या वेळेला लाखो मुलं एकदम एकाच पानावर येतात. तत्काळ तिकिटांसाठी सकाळी दहाला एसीवाले आणि अकराला बाकीचे रेल्वेच्या साइटवर तुटून पडतात. तिथं गर्दी क्षणाक्षणाला मोजली नाही तर सर्व्हर झोपलेला कळणार तो लोकांच्या शिव्यांतून. तुमच्याकडेही अक्षय्य तृतीयेला पेमेंट अडकलं तर पहिल्या पाच मिनिटांत कळायला हवं. या सगळ्याला 'किती' एवढं पुरतं. 'कोण' लागत नाही. ही रेघ लक्षात ठेवा. पुढची सगळी गडबड ती ओलांडल्यामुळे झाली आहे.

कारण तुमचा दुसरा प्रश्न यायचा, आणि तोही रास्त असायचा. "चाळीस आले, ऑर्डर दोनच. बाकीचे अडतीस कुठं अडले?" याचं उत्तर आकडा देत नाही. त्यासाठी मी तुमच्या साइटवर आणखी एक स्क्रिप्ट बसवली. ती गिऱ्हाइकाची सगळी भेट टिपून ठेवते आणि नंतर तुम्हाला सिनेमासारखी दाखवते. २०१४ साली सुरू झालेलं हॉटजार त्यासाठी नावाजलं गेलं. मायक्रोसॉफ्टनं २०२० मध्ये क्लॅरिटी नावाचं असंच साधन फुकटात दिलं, आणि 'फुकट' हा शब्द ऐकल्यावर लहानातल्या लहान दुकानातही ही सोय आली.

सिनेमासारखी म्हटलं तरी हे चित्रीकरण नसतं, हे समजून घ्या. गिऱ्हाइकाच्या फोनचा कॅमेरा वापरला जात नाही, पडद्याचा व्हिडिओही निघत नाही. पानाचा सांगाडा एकदा उतरवून घेतात. मग बोट कुठं टेकलं, पान किती सरकलं, कोणत्या चौकटीत कोणतं अक्षर उमटलं, कोणतं पुसलं, याची वेळेसकट नोंद. नाटकाची संहिता आणि प्रत्येक पात्राच्या हालचालींची टाचणं हाती असली की प्रयोग पुन्हा उभा करता येतो, तसंच हे. नोंदी हलक्या असतात, भराभर जातात. गिऱ्हाइकाला काही जाणवत नाही.

आणि त्याचा उपयोगही होतो. एका साइटवर लोक 'पुढे' या बटणावर पाच-पाचदा बोट आपटत होते. आमच्या धंद्यात याला रेज क्लिक म्हणतात, संतापाच्या टिचक्या. काही फोनांवर ते बटण कीबोर्डखाली अर्धं दडत होतं. रेकॉर्डिंग पाहिलं नसतं तर मी आणखी सहा महिने गिऱ्हाइकालाच अडाणी म्हणत बसलो असतो.

आता हे पत्र ज्या रात्रीमुळे लिहितोय ती रात्र.

रत्नागिरी जिल्ह्यातले एक बागायतदार. एप्रिलचा मधला आठवडा. मागच्या खोलीत आढी लावलेली, तिचा वास घरभर. आम्ही तिघं पडवीत: काका, मुंबईची नोकरी सोडून बागेत परतलेला त्यांचा मुलगा, आणि मी. पुठ्ठ्याच्या रिकाम्या पेटीवर लॅपटॉप. ऑर्डर का तुटतात ते बघायचं होतं, म्हणून मी अर्धवट सुटलेल्या भेटी एकेक लावत होतो.

त्यातली एक साडेसहा मिनिटांची होती. कुणीतरी फोनवरून आलेलं. दोन डझनच्या पेटीचा फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. खाली किंमत पाहिली, पुन्हा वर जाऊन फोटो. त्याहून लहान पेटी आमच्याकडे नव्हती. ती शोधायला बोट दोनदा पानाच्या तळापर्यंत जाऊन आलं. मग फॉर्म. नाव (एका बाईचं), मोबाइल नंबर, इमारत, मजला, पिनकोड, सगळं भरलं. शेवटी 'काही निरोप?' अशी चौकट होती. तिच्यात अक्षरं उमटू लागली: "दोन डझन जास्त होतील. एक डझन मिळेल का." बराच वेळ काही नाही. मग: "आई आता फार खात नाही, पण वास आला तरी". इथं अक्षरं थांबली. आणि उलटी पुसली जाऊ लागली, शेवटून एकेक. 'तरी' गेलं, 'वास' गेला, 'आई' गेली. चौकट कोरी झाली. पान बंद.

मुलगा म्हणाला, "नंबर आहे की आपल्याकडे. उद्या फोन करतो. एक डझन देऊ म्हणतो. ऑर्डर पक्की."

काका म्हणाले, "काय सांगशील? तुम्ही लिहून खोडलंत ते आम्ही वाचलं?"

"तसं कशाला सांगू, अण्णा? एक डझनची पेटी सुरू केलीय म्हणेन."

"आणि नंबर कुठनं मिळाला असं विचारलंन तर?"

यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. काका माझ्याकडे वळले. "आपण बघतो हे तिला ठाऊक असतं का हो?"

मी म्हटलं, "साइटच्या तळाशी प्रायव्हसी पॉलिसी आहे, तिच्यात लिहिलंय."

"मराठीत?"

"इंग्रजीत."

ती पॉलिसी मी दुसऱ्या एका साइटवरून जशीच्या तशी उचलली होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगतो. आणखी एक सांगतो. त्या साधनात लिहिण्याच्या चौकटी झाकून ठेवायची सोय होती आणि ती आधीपासून चालूच होती. अक्षरांच्या जागी नुसती टिंबं दिसली असती. फॉर्ममध्ये लोक नेमके कुठं चुकतात ते नीट दिसावं म्हणून ती मीच काढली होती. तेव्हा दोष साधनाचा नाही. काकांच्या पडवीत त्या बाईची आई मी आणून बसवली.

आता तुमची हरकत मला माहीत आहे, कारण ती माझीही होती. दुकानदार गिऱ्हाइकाकडे बघतोच की! नजर नसेल तर त्यानं गल्ल्यावर बसूच नये. खरं आहे. पुण्यातल्या लक्ष्मी रोडवरच्या जुन्या साडीच्या दुकानात गादीवर बसलेला माणूस साड्या उलगडताना बोलतो साडीबद्दल आणि बघतो तुमच्या हाताकडे. हात ज्या साडीवर दुसऱ्यांदा गेला ती त्यानं मनात बाजूला काढलेली असते. तुमच्या स्क्रिप्टला जमत नाही इतकं त्याला त्या हातावरून कळतं.

पण समोर बसलेल्या बाईलाही तो बघतोय हे कळत असतं, आणि सगळी गंमत तिथंच आहे. आपल्या आया आणि आज्या साडीखरेदीला जाताना काय सांगायच्या? आवडलेल्या साडीकडे बघायचं नाही. ती बाजूला सारायची, तिसऱ्याच साडीचा भाव विचारायचा, निघाल्यासारखं करायचं, चपलेत पाय घालायचा आणि मग सहज आठवल्यासारखं म्हणायचं, "आणि ती अंजिरी हो कितीला?" घासाघीस चालते ती या नाटकावर. बघणारा आहे म्हणून चेहरा सावरता येतो. दुकानदाराची नजर आणि गिऱ्हाइकाचा चेहरा अशी ती बरोबरीची कुस्ती असते.

साइटवर गिऱ्हाइकाचा चेहराच काढून घेतलेला आहे. समोर कुणी बसलंय हेच ठाऊक नाही, तर सावरायचं कुणापासून? हात तिसऱ्यांदा कुठं गेला, किंमत बघून बोट किती वेळ थांबलं, काय लिहून खोडलं, हे सगळं गिऱ्हाईक उघड्यावर करतं, कारण त्याला वाटतं की खोलीत आपण एकटे आहोत. दुकानदाराची नजर आणि ही नजर यांतला फरक किती दिसतं यात नाही. समोरच्याला ठाऊक आहे की नाही, यात आहे.

हे एकट्या माझ्या हातून घडलंय असंही नाही. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये अशा भेटी टिपणाऱ्या स्क्रिप्टांचा अभ्यास जाहीर केला. सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या ५० हजार साइटींपैकी ४८२ साइटींवर त्यांना या स्क्रिप्टा सापडल्या. काही ठिकाणी झाकण अपुरं असल्यामुळे पासवर्ड, कार्डाचे तपशील, आजार आणि औषधं अशी माहिती तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर जात होती. २०२२ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी एक लाख साइटी तपासल्या, प्रश्न एकच: फॉर्म 'पाठवा' म्हणायच्या आधीच ईमेलचा पत्ता उचलला जातो का? युरोपातून भेट दिली तेव्हा १,८४४ साइटींवर जात होता. अमेरिकेतून दिली तेव्हा २,९५० साइटींवर. जिथं कायदा कडक तिथं चोरी कमी, एवढं तरी या दोन आकड्यांवरून दिसतं. दरम्यान २०१९ च्या फेब्रुवारीत काही मोठी ॲप वापरणाऱ्याचा पडदा गुपचूप टिपतात हे उघड झालं, तेव्हा ॲपलनं ॲप बनवणाऱ्यांना बजावलं: स्पष्ट परवानगी घ्या आणि टिपणं चालू असल्याची खूण दाखवा, नाहीतर ते काढून टाका.

म्हणजे न पाठवलेलं आपल्याजवळच राहतं असं गिऱ्हाईक समजतं, आणि यंत्र तसं समजत नाही. कागदावर पत्र लिहून फाडलं तर ते फाटलं. फॉर्मवर लिहून खोडलं तर खोडल्याचीच नोंद होते, वेळेसकट.

आता या खिडकीचा उलटा उपयोग. आकडा तुम्ही बघता तो एक, आणि गिऱ्हाइकाला दाखवता तो दुसरा. "आत्ता २३ जण हीच पैठणी पाहत आहेत." तुमच्यातल्या तिघांनी मला ही पट्टी लावायला सांगितली आहे. एकानं तर म्हटलं होतं, "खरा आकडा कशाला? पंधरा ते तीसच्या मधला कुठलाही येऊ दे." असल्या पट्ट्या बाजारात तयार मिळतात, कोड चार ओळींचा. तो मी तेव्हा लिहून दिला. वर सांगितलं तसं खरा आकडाही अंदाजाचाच असतो. त्यावर हा तर निव्वळ फासा. आणि बोहणीच्या वेळी खोटं बोलू नये असं मानणारी माणसं तो टाकत होती.

हॉटेल-बुकिंगच्या धंद्यात हे फार झालं. ब्रिटनच्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणानं फेब्रुवारी २०१९ मध्ये बुकिंग डॉट कॉम, एक्सपीडिया, अगोडा यांच्यासह सहा कंपन्यांकडून हमी घेतली: इतके जण हेच हॉटेल पाहताहेत असं दाखवायचं तर ते वेगळ्या तारखांसाठी पाहत असू शकतील हेही सांगायचं. म्हणजे आकडा खरा असला तरी घाबरवण्यापुरता कापून दाखवायचा नाही. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न' रोखणारी मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. फसवणुकीच्या तेरा तऱ्हा त्यात नोंदल्या आहेत, आणि पहिलीच आहे खोटी घाई. तिचं उदाहरण म्हणून नेमकं असलंच वाक्य दिलंय: दोनच खोल्या उरल्या, तीस जण आत्ता बघताहेत. तेव्हा तुमच्या साइटवर मी लावून दिलेली ती पट्टी नियमांच्या पुस्तकात नमुना म्हणून छापलेली आहे. मेहेरबानी करून काढा. सांगाल तर मी येऊन काढून देतो, पैसे नकोत.

कायद्याचं म्हणाल तर वेळ थोडा उरलाय. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यांतल्या मुख्य तरतुदींना दीड वर्षाची मुदत आहे, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यापर्यंत. त्यातल्या तीन गोष्टी तुमच्या कामाच्या.

पहिली, साधन कुणाचंही असो, जबाबदारी तुमची. माहिती परदेशातल्या कंपनीच्या सर्व्हरवर पडली आणि तिथून सांडली, तरी गिऱ्हाइकाच्या लेखी आणि कायद्याच्या लेखी दुकान तुमचं आहे. सुरक्षिततेत हयगय केल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तुम्हाला तेवढा होणार नाही हे मलाही कळतं. पण कायदा या गोष्टीला किती वजन देतो ते त्या आकड्यावरून ओळखा.

दुसरी, अठरा वर्षांखालच्या मुलांच्या हालचालींवर पाळत ठेवायला, ठरावीक अपवाद सोडले तर, बंदी आहे. शाळेची पुस्तकं, खेळणी, क्लासचे व्हिडिओ विकणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. तुमचं गिऱ्हाईक आईच्या फोनवरून येणारं सातवीतलं पोर असतं.

तिसरी माझ्या मते सर्वांत मोठी, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. संमती मागताना, आणि माहिती कशासाठी घेतोय हे सांगताना, ते इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागेल. बावीस भाषा, मराठी त्यांत आहे, कोकणीही आहे. काकांचा तो एका शब्दाचा प्रश्न, "मराठीत?", आता कायद्यात आहे. आपण पैठणीचं वर्णन मराठीत खुलवून लिहितो, "सौभाग्यकांक्षिणीसाठी खास" म्हणून. आणि तुमच्यावर नजर आहे हे सांगायची वेळ आली की इंग्रजीच्या आड जाऊन बसतो. गिऱ्हाइकाशी ज्या भाषेत लाडानं बोललो, त्याच भाषेत हेही सांगायला हवं.

तेव्हा माझं मागणं फार नाही.

लिहिण्याच्या चौकटींवरचं झाकण कधी काढू नका. माझ्यासारख्यानं "थोडे दिवस काढू या, नीट दिसेल" असं म्हटलं तरी नाही. पैसे, पत्ता, लॉगिन, औषध-आजार असल्या पानांवर टिपणं पूर्ण बंद ठेवा. तिथं किती आले आणि किती गेले एवढा आकडा पुरे. टिपायचं असेल तिथं आधी विचारा, मराठीत, दोन ओळींत, आणि 'नको' हे बटण 'चालेल'च्या बटणाएवढंच ठेवा. रेकॉर्डिंग पंधरा दिवसांत पुसा. आणि ती कोण बघू शकतं याची यादी आजच उघडून बघा. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या मुलाचं लॉगिन तुमच्यातल्या निम्म्यांकडे अजून चालू असेल. मी जिथं जिथं तपासलं तिथं ते चालूच निघालं. मोजणी आपल्याच सर्व्हरवर ठेवायची असेल तर मॅटोमोसारखं खुलं साधन आहे. २००७ साली पिविक या नावानं ते सुरू झालं, आजही चालतंय, आणि त्यातली माहिती दुसऱ्याच्या घरी जात नाही.

"मग अडतीस जण कुठं अडले ते कसं कळणार?" शेजारच्या काकूंना बोलवा. चहा ठेवा. फोन त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, "काकू, या साइटवरून एक पेटी मागवून दाखवा, मी इथंच बसून बघतोय." पाचव्या मिनिटाला त्या म्हणतील, "अरे, हे पिनकोड म्हणजे तिथला की माझा?" शंभर रेकॉर्डिंगांनी न सांगितलेलं तेवढ्यात कळेल. बघणं तेच, पण काकूंना ठाऊक आहे, आणि त्या तुम्हाला चार शब्द सुनावूही शकतात.

यानं धंदा बुडेल असं वाटत असेल तर बागायतदार काकांनी काय केलं ते सांगून थांबतो.

त्या रात्री त्यांनी ते रेकॉर्डिंग आणि त्याच्यासारखी बाकीची माझ्याकडून पुसून घेतली. फोन केला नाही, करू दिला नाही. सकाळी मात्र मुलाला म्हणाले, "लहान पेटी हवीय, हे तिनं न लिहिताही कळायला हवं होतं. दोनच माणसं उरलेली घरं आता थोडी नाहीत." आठवड्याभरात साइटवर एक डझनची पेटी आली, सगळ्यांसाठी. ती बाई परत आली की नाही, हे आम्हाला माहीत नाही. माहीत करून घ्यायचा रस्ता आम्हीच बंद केला.

'काही निरोप?' ही चौकट अजून तिथं आहे. तिच्या वर काकांनी माझ्याकडून एक ओळ लिहून घेतली, आणि ती खरी ठरावी म्हणून मला अर्धा दिवस काम करावं लागलं. ती तुम्हीही घ्या. तिच्यावर कुणाचा हक्क नाही. फक्त आधी खरी करा, मग लावा:

"तुम्ही 'पाठवा' म्हणेपर्यंत इथं लिहिलेलं आम्हाला दिसत नाही. खोडलंत, तर ते तुमचंच."

कळावे,
तुमच्या साइट बांधणारा एक कारागीर
पुणे